केसिकच्या कॅम्पसाइटवरचे एसटीवाले काका, हे पत्र तुमच्यासाठी

काका, नमस्कार.

तुमचा नंबर घ्यायचा राहिला, नाव पण नीट विचारलं नाही, नुसतं काका काका करत राहिलो, म्हणून हे असं उघड्यावर लिहितेय, कोणी ओळखत असेल तर पोचवा प्लीज. तुम्ही दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, लेक लीड्सला, तिच्याकडे उन्हाळ्यात आलेले आणि इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या केसिकला आमच्या शेजारच्या तंबूत काकूंसोबत उतरलेले. आम्ही ती लेस्टरची पांढरी मोटरहोम. ओळख पटली असेल तर पुढे वाचा.

त्या दिवशी नवरा कॅटबेल्सवरून उतरताना घसरला. डोंगर 451 मीटरचाच, पण ओल्या दगडावर पाय गेला आणि उजवा हात गळ्यात. म्हणजे घरापर्यंतचे साधारण 200 मैल मी चालवायचे, आणि आमची गाडी फियाटच्या ड्युकाटो या मोठ्या व्हॅनवर बांधलेली. लायसन्सचा प्रश्न नव्हता, 3500 किलोपर्यंत कारचं लायसन्स चालतं, इन्शुरन्सवरही माझं नाव होतं. प्रश्न माझ्या 4 फूट 11 इंचांचा होता. पाच वर्षं गाडी दारात आहे आणि मी दोनदा प्रयत्न करून "मला नाही जमत" म्हणून सोडून दिलेलं. त्या संध्याकाळी पण तेच, क्लच पूर्ण दाबायला गेले की मी अख्खी सीटवरून खाली घसरायची, पाय उचलला की गाडी गचका खाऊन बंद. चौथ्यांदा बंद पडली तेव्हा तुम्ही चहाचा कप घेऊन आलात, आणि मला वाटलं आता हे पण सांगणार की सवयीनं होईल.

तुम्ही म्हणालात, "टेप आहे का?" आणि मग स्वतःचाच खिशातून काढलात.

काका, आजवर सगळ्यांनी माझं ड्रायव्हिंग तपासलं होतं, माझं माप कुणीच घेतलं नव्हतं.

पहिलं माप छातीच्या हाडापासून स्टेअरिंगच्या मधल्या पॅडपर्यंत. 7 इंच. तुम्ही मान हलवलीत, निदान 10 पाहिजेत, नाहीतर एअरबॅग फुटली की तीच लागेल. मी विचारलं एसटीत कुठे होती एअरबॅग, तर म्हणालात नव्हती, पण लेकीच्या गाडीचं मॅन्युअल मी अख्खं वाचलंय, दुपारी दुसरं करायचं काय! मग स्टेअरिंगखालचा खटका सोडून चाक पुढे ढकललंत. आम्हाला तो खटका आहे हेच माहीत नव्हतं, नवरा सहा फुटी, त्यानं घेताना एकदा चाक स्वतःकडे ओढून ठेवलेलं ते तसंच. मग सीट पूर्ण पुढे, पाठ जराशी मागे कललेली, सीटची पुढची कड खाली, म्हणजे मांडीखाली रुतणार नाही. आणि कमरेमागे तुमच्या तंबूतल्या जाड फोमच्या मॅटचा कापलेला तुकडा, खाली जाड वर पातळ, दोन पट्ट्यांनी सीटला बांधलेला. बांधायच्या आधी सीटच्या कडेला साइड एअरबॅगचा टॅग नाही ना ते वाकून बघितलंत, ते मला फार आवडलं. काकू मात्र कुरकुरल्या की आता रात्री मी कशावर झोपू. सॉरी काकू.

परत मोजलं, सव्वादहा. आणि क्लच तळाला गेला तरी गुडघा वाकलेला.

पायाखाली मी एक फळकुट ठेवू का म्हणून विचारलं तर तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. सुटी वस्तू ब्रेकखाली सरकली की संपलं. उलट पेडलखालची सैल झालेली मॅट पण काढून मागे टाकायला लावलीत. टाच जेमतेम टेकत होती, तुम्ही म्हणालात आजच्यापुरतं ठीक, घरी गेल्यावर पेडलला जोड लाव, पण बोल्टवाला, आणि माहितगाराकडून, ब्रेकवर जुगाड नाही.

हँडब्रेकलाही हात लावला नाहीत. तो आमच्या गाडीत उजव्या हाताला, सीट आणि दाराच्या फटीत, सीट पुढे घेतली की पार कमरेमागे जातो. तो लांब करायला नळी जोडायची नाही, खांदा वळवून ओढायची सवय कर, म्हणून वीस वेळा ओढायला लावलात. सवय म्हणालात ती एवढीच.

बाकी मग तुमचे हात नुसते चालत होते. दार पूर्ण उघडलं की त्या उंचीवरून माझा हात मुठीपर्यंत पोचत नाही, तर तंबूचा नायलॉनचा पट्टा काढून दाराच्या मुठीला फास घातलात, ओढला की दार बंद. सीटबेल्ट मागे खांबाला लटकतो, त्याला तसाच छोटा फास. दोन पट्टे, दहा मिनिटं. गाठ मारताना सांगत होतात की एसटीत बुटका ड्रायव्हर उतरला की उंच ड्रायव्हर चढतो, सीट तीच, म्हणून ज्याची त्याची गादी ज्याच्या त्याच्या काखेत. मी हसत होते आणि नवरा गुपचूप ऐकत होता, त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

सकाळी तुम्ही लवकर निघून गेलात. मी ए66 वरून पेनरिथ, तिथून एम6, वाटेत तीनदा थांबून, संध्याकाळी घरी. एकदाही बंद पडली नाही. खोटं कशाला, एकदा पडली, हायवेच्या सर्व्हिस थांब्यावर पार्क करताना, पण तो माझाच गाढवपणा.

घरी आल्यावर कळलं की आमची सीट मुळातच उंच झालेली, फिरती सीट बसवायला खाली जी प्लेट घालतात तिनं. बुटका बेस मिळतो, तो बसवून घेतला. पेडलचे जोड पण लावले, क्लच आणि ब्रेकला, पटकन निघणारे, नवऱ्याला चालवायची असली की काढतो. इन्शुरन्सवाल्यांना कळवलं. आता टाच जमिनीवर पूर्ण टेकते. उतरायला दाराच्या कडीत अडकवायची एक मूठ घेतली, ती तुम्ही नव्हती सांगितली, माझं मी शोधलं, तुम्हाला दाखवायचीय.

तुमचे पट्टे मात्र अजून तेच आहेत. नवऱ्यानं दुकानातून रंगीत आणले होते, मी लावू दिले नाहीत.

आणि हो, तुमचा टेप आमच्याच गाडीत राहिलाय, पिवळा, टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळलेला. नेहमीचाच दिसतोय, म्हणजे तुम्हाला चुकल्यासारखं होत असणार. हे वाचलंत तर पत्ता कळवा, पोस्टानं पाठवते. फोमची नवीन मॅट पण सोबत, काकूंसाठी.

तुमची,
4 फूट 11 इंचवाली