मास्तर, ती पहिलीच ओळ तुम्ही खोडलीत

मास्तर, सा. न. वि. वि.

पोरीचं भाषण होऊन आठवडा झाला, आभार मानायचे राहूनच गेले. आपल्या बेळगावकडं शेजाऱ्याचे आभार कोण मानतं म्हणा! तरी लिहितोय, चारचौघांत.

त्या संध्याकाळी तुम्ही चिरमुऱ्याची वाटी तिच्यापुढं सरकवलीत आणि कागद मागितलात. मी मोठ्या दिमाखात लिहून दिलेली पहिलीच ओळ: ‘डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनच्या रणांगणावर गोळी लागून गेले.’ तुम्ही लाल पेनानं ती सरळ खोडलीत. ‘गोळी नव्हे, फिट. 9 डिसेंबर 1942. वय 32.’

सोलापूर माझी सासुरवाडी. तिथल्या माणसाबद्दल मला कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी सांगावं! लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

1938 साली काँग्रेसनं पाच डॉक्टर चीनला धाडले, सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचे परतले, हे राहिले, तेही. पण हे चिनी शिकले, तिथल्या पोरांना चिनीतूनच डॉक्टरकी शिकवू लागले, कॅनडाच्या डॉ. बेथून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले, हे तुमच्याकडून कळलं. ‘चिनीतूनच’ म्हणताना तुम्ही जरा थांबलात. बदली होऊन गावात आलात तेव्हा तुम्हाला मराठीचा गंध नव्हता, असं आमचे बाबा सांगायचे. आता माझ्या लेकीचे ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही दुरुस्त करता. (माझेही केलेत, तिच्यादेखत.)

मग ते बाळाचं नाव. कॅलेंडरचं पान फाडून तुम्ही मागच्या बाजूला लिहिलंत: ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आई ग्वो छिंगलान, तिथलीच नर्स. बाप गेला तेव्हा पोर जेमतेम साडेतीन महिन्यांचं. पोरीनं चिरमुरे खायचे थांबवले, ते मी पाहिलं.

बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं. खाली उतरल्यावर एका परीक्षकांनी विचारलं, ‘गोळी लागून गेले ना गं ते?’

‘गोळी नव्हे, फिट,’ पोरगी म्हणाली. अगदी तुमच्याच सुरात.

बाकी, कॅलेंडरचं ते पान परत मिळायचं नाही. मागच्या बाजूला तुमची दूधवाल्याची खाडाखोड आहे म्हणून मी मागून पाहिलं, पण तिनं ते वहीत चिकटवलंय. हिशेब तेवढा उतरवून आणून देतो.

तुमचा शेजारी