भंगारात देण्याआधी सायकल उलटी करा

मा. संपादक,

दिवाळीची साफसफाई निघाली की सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या जुन्या सायकली किलोच्या भावाने भंगारात जातात. त्यांत २८ इंची, दांड्याच्या ब्रेकच्या काळ्या सायकली बऱ्याच असतात. काही जण उलट करतात. आधी रंगावर पैसे घालतात आणि मग फ्रेम वाकडी निघते. दोन्हीकडे नुकसानच.

टायर, ट्यूब, चेन, ब्रेकची रबरं, छर्रे, ग्रीस हा खर्च कुठल्याही पडून राहिलेल्या सायकलीला येणारच, तो बघून निर्णय घेऊ नये. पाहायचं ते फ्रेम, चिमटा (पुढचं चाक धरणारा दुबेळका भाग, फोर्क) आणि रिम.

सायकल उलटी करून हँडलच्या मागे खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर समोरून धडक बसलेली आहे. अशी फ्रेम सोडून द्या. मग मागच्या चाकाच्या खाचेपासून दोरी घेऊन पुढे हेडच्या नळीला (हँडल जिच्यात बसतं ती नळी) वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. सगळ्यात दगा देते ती पायडलच्या एक्सलची जागा. सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी तिथेच साचतं आणि गंज आतून खातो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा, पत्रा दबला की विषय संपला. वरवरचा तपकिरी गंज मात्र घाबरण्यासारखा नसतो.

चिमटा बाजूने पाहावा. वरचा सरळ भाग हेडच्या नळीच्या रेषेत हवा. मागे झुकलेला असेल तर चिमटा बदला, तो नवा मिळतो. रिम पाहताना हबकडची, म्हणजे चाकाच्या मध्याकडची बाजू पाहा, कारण दांड्याच्या ब्रेकची रबरं तिथेच दाबली जातात. निपलच्या (तारांची टोकं रिमला धरणाऱ्या छोट्या नटांच्या) भोकांभोवती पत्रा फुटला असेल तर ती रिम बाद. पुढे ३२, मागे ४० तारा असतात. चाकाचा आऊट (डुगडुग) काढण्याआधी निपलना तेल पाजून एक रात्र जाऊ द्या, नाहीतर तारा पिळून तुटतात.

क्रँक (पायडलचा दांडा) काढताना कॉटर पिनचा (क्रँक एक्सलला घट्ट धरणाऱ्या पाचरीसारख्या पिनेचा) नट पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे सैल करा, क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा टेकवा आणि एकच जोरदार घाव घाला. हलक्या हाताने ठोकत बसलं की पिनचं डोकं पसरतं आणि मग ड्रिलच लागतं. पिन नवीनच बसवा. एक्सलला दर बाजूला पाव इंची ११ छर्रे लागतात.

चेन बारा इंच मोजा, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत. सव्वाबाराच्या निम्म्या वाटेवर, म्हणजे १२⅛ इंचांवर गेली असेल तर चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) दोन्ही बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन घसरते, आणि ती घसरते नेमकी चढावर.

ॲटलस या सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० पासून बंद आहे, म्हणून पार्ट मिळणार नाहीत असं काही जण समजतात. तसं नाही. २८ × दीड इंची टायर, कॉटर पिन, कोन, कप (छर्रे ज्यांच्यात फिरतात ते भाग) हे सगळ्या काळ्या सायकलींना जवळपास सारखेच चालतात आणि बाजारात मिळतात. स्प्रिंगचा चिमटा असलेल्या स्वस्त गिअर सायकलींचं तसं नसतं. त्यांचे सांधे ढिले झाले की दुरुस्तीत पैसे न घातलेलेच बरे.

पावडर कोटिंग करणार असाल तर पायडलच्या एक्सलच्या घराचे आटे आधी झाकून घ्या, नाहीतर कप बसत नाहीत. आणि एवढं पाहूनही सायकल भंगारातच द्यायची ठरली, तर जुन्या जाड पत्र्याचं चेनकव्हर आणि ब्रेकचे दांडे काढून एखाद्या सायकल दुरुस्तीवाल्याला द्या.

— एक वाचक, सांगली