लाइट गेले त्या रात्री

पाचपाखाडी, ठाणे
२ नोव्हेंबर

प्रिय शमे,

आप्पांच्या वर्षश्राद्धाला येते म्हणाले आणि आले नाही. नंतर फोनही केला नाही. तू रागावली असशील तर ते बरोबरच आहे. पण मध्यंतरी एका मंगळवारी रात्री जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. घरात सांगितलं, तर "बरं" म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तब्येत ठीक. शुगर आटोक्यात, पाठ अधूनमधून. झालं.

त्या मंगळवारी रात्री पावणेदोनला आमच्या गल्लीचे लाइट गेले. आमच्या जुन्या बिल्डिंगला जनरेटर नाही, तुला माहीतच आहे. मी हॅम रेडिओवर, चाळीस मीटरच्या बँडवर, मोर्स ऐकत कान लावून बसले होते आणि रेडिओ बॅटरीवर होता, म्हणून तो चालूच राहिला. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरची रेघ खरखरीमुळे वर्षभर सातवर चिकटलेली असते, ती सरळ एकवर आली. शमे, बँड गच्च भरलेला होता! ७ मेगाहर्ट्झपासून वरच्या पहिल्या पंचवीस किलोहर्ट्झमध्ये इटली, युक्रेन, फिनलंड, मागे कुणीतरी बारीक आवाजात आफ्रिकेतून. सरांच्या गच्चीवर ऐकायचो तसं. बावीस मिनिटांनी लाइट आले आणि सगळं पुन्हा खरखरीखाली गेलं.

हिशेब कर. सातावरून एक म्हणजे सहा एस-युनिट. एका युनिटला सहा डेसिबल धर (मीटर इतका काटेकोर नसतो, पण धर). ३६ डेसिबल, म्हणजे पॉवरमध्ये जवळजवळ चार हजार पट. समोरचा १०० वॅटवर मला हाका मारत असेल, तर लाइट असताना तेवढंच स्वच्छ ऐकू यायला त्याला चार लाख वॅट लावावे लागतील. आणि मी दोन वर्षं अँटेनाला दोष देत बसले होते. तार बदलली, ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळला, केबल बदलली. अँटेना चांगलीच होती. बिल्डिंगच ओरडत होती.

तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. सीक्यू वर्ल्डवाइड, आपली ४८ तासांची मोर्सची स्पर्धा, नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू. माझं पाठवणं कधीच अडलं नाही, लोकांना मी ऐकू येते. मलाच ते ऐकू येत नाहीत. मी सीक्यू, म्हणजे सगळ्यांना हाक, देते, पाच जण उत्तर देतात, त्यातले दोन मला मिळतात, उरलेले तीन समजतात की ही बाई बहिरी आहे आणि निघून जातात.

मग शोध सुरू केला. आधी घरातला मेन स्विच पाडला, रेडिओ बॅटरीवर ठेवून. मीटर हलला नाही, म्हणजे आपलं घर निर्दोष. मग शॉर्टवेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर एएमवर ठेवून जिने चढले. पॅसेजमधल्या एलईडी बॅटनखाली तो अक्षरशः किंचाळतो. रात्री साडेअकराला वॉचमनला घेऊन मीटर रूममध्ये गेले. पॅसेजच्या दिव्यांचा एमसीबी पाडला, सातावरून तीनवर. लिफ्टचा मेन पाडला, तीनवरून एकवर. एवढंच. वॉचमनने विचारलं, "ताई, नासाला फोन लावताय का?" मी म्हटलं फिनलंडला. तो म्हणाला, मग सावकाश लावा.

दिव्यांचं कारण तुला कळेल. आतला ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो, त्याची पिल्लं थेट वर शॉर्टवेव्हपर्यंत चढतात. ते अडवायला मेनच्या तोंडाशी छोटी कॉइल आणि कपॅसिटर हवेत. स्वस्त बॅटनमध्ये ती जागा बोर्डावर छापलेली असते, पार्ट बसवलेलेच नसतात. मी एक उघडून पाहिला. मग बिल्डिंगचं सगळं वायरिंग अँटेना होतं. बाजारातून तीन प्रकारचे बॅटन आणले, एकेक लावून ट्रान्झिस्टर वीतभर अंतरावर धरला. एक जवळजवळ गप्प निघाला. पाचव्या ते सातव्या मजल्याचे नऊ मी माझ्या पैशाने बदलले, कारण गच्चीच्या जवळचे तेच. बाकीचे जातील तसे हेच बसवू असं सेक्रेटरी म्हणाले. सात होता तो आता चार आहे. खरखर अडवायला वायरवर क्लिप-ऑन फेराइटचं कडं लावून पाहू नकोस, वायर एकदाच आरपार गेली तर फारसं काही होत नाही. इम्पीडन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, मोठ्या कड्यातून पाच-सहा वेढे हवेत, आणि ते बॅटनच्या पत्र्यात मावत नाहीत.

लिफ्टचं मात्र जमलं नाही. नवी बसवल्यापासून तिच्या मोटरला वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह आहे. लिफ्ट चालली की वीस सेकंद एस-आठ, थांबली की बरीचशी शांत. मोटरची केबल शील्डवाली असून दोन्ही टोकांना अर्थ केलेली असावी लागते, मशीन रूममध्ये डोकावले तर साधी केबल. मेंटेनन्सवाल्याला सांगितलं, तो "बघतो" म्हणून गेला. ४८ तास लिफ्ट बंद ठेवा असं मी सोसायटीला कधीच म्हणणार नाही. पाचव्या मजल्यावरच्या आजी वॉकरवर आहेत. म्हणजे लिफ्ट चालणार, आणि ती नेमकी कुणीतरी कॉल देत असताना चालणार.

मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाला मोर्सचा एक डिट, म्हणजे टिंब, ४० मिलिसेकंदांचा. त्या खरखरीत एखादा डिट गिळला जातो, नाहीतर एखादा खोटा उगवतो. आपलं त्या वर्षीचं भांडण आठव. कॉलची, म्हणजे स्टेशनच्या नावाची, सुरुवात फिनलंडची ओएच की बेल्जियमची ओएस? एचचे चार डिट, एसचे तीन. एक डिट खाल्ला की फिनलंडचा बेल्जियम होतो. तू ओएस लिहिलंस, मी ओरडले की त्याने आपला झोन, म्हणजे जगाच्या नकाशावरचा विभाग, १५ दिलाय, बेल्जियम १४ मध्ये आहे. आणि लॉगिंगच्या प्रोग्रॅमने ओएस पाहून झोनच्या खणात स्वतःच १४ भरून ठेवला होता, म्हणून तू १५ ऐकलंच नाहीस. तेच म्हणते मी अजून. तो आपोआप भरलेला आकडा कानाला झोपवतो. चुकीच्या कॉलचे तीन गुण जातात ते जातातच, वर दुप्पट दंड, एकूण नऊ. त्या नऊ गुणांवरून तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस! आता मी एक सवय लावून घेतलीय, झोन ऐकल्यावर खणातल्या आकड्याशी ताडून मगच एंटर.

उलट बाजूलाही तेच होतं. आपल्या भारताच्या कॉलची सुरुवात व्हीयू. त्यातल्या व्हीच्या तीन डिटांच्या जागी समोरच्याला चार ऐकू आले की व्हीयूचं फोर यू होतं, आणि ते संयुक्त राष्ट्रांचं प्रीफिक्स. त्याला वाटतं दुर्मीळ काहीतरी सापडलं, तो तसंच लिहितो आणि पळतो. फोर यू ऐकू आलं की नुसतं व्ही पुन्हा देऊ नकोस. वेग चार शब्दांनी उतरव, पूर्ण कॉल दे, आणि तो तुझा कॉल परत बरोबर देईपर्यंत झोन देऊ नकोस. दहा सेकंद जातात, जाऊ देत.

लिफ्टवर मी असा तोडगा काढलाय. पाठवायला तीच वीस मीटरची तार, एका टोकाला ट्रान्सफॉर्मर, दोन वेढ्यांना चौदा. पण तिचं मुख, म्हणजे केबल जोडलेलं टोक, आता पूर्वेच्या कठड्याकडे, कारण मशीन रूम पश्चिमेच्या कोपऱ्यात आहे. तार पूर्व-पश्चिमच ठेवलीय. वीस मीटरच्या बँडवर ती पूर्ण तरंगाची होते आणि तिच्या पाकळ्या, म्हणजे जास्त जोराच्या दिशा, तारेपासून साधारण ५४ अंशांवर पडतात. त्यातली एक बरोबर युरोपवर, म्हणजे आपल्याकडून वायव्येला, येऊरच्या डोंगरावरून. दहा मीटरवर पाकळ्या ३६ अंशांवर सरकतात, एक युरोपच्या जरा डावीकडे, दुसरी खाडीपलीकडे जपानच्या अंगाला. चाळीसवर ती नुसती उत्तर-दक्षिण बघते, ते अमेरिकेला बरं. केबलवरून येणारी खरखर अडवायला दोन्ही टोकांना चोक, ३१ नंबरच्या मोठ्या फेराइट कड्यावर बारा वेढे. अँटेनाकडचा चोक बसवल्याबरोबर घरातला आवाज अर्धा युनिट उतरला.

आणि ऐकायला वेगळी अँटेना, मीटरभर व्यासाची लूप, पूर्व कोपऱ्यात लाकडी स्टूलवर. लूपच्या पातळीला काटकोनात तिची बहिरी दिशा असते. लिफ्ट सतत वरखाली करायला वॉचमनला सांगितलं आणि स्टूल बोटबोट फिरवत राहिले. एका जागी आठाचा तीन झाला. तिथे स्टूलच्या पायांभोवती खडूने खुणा केल्यात. दोन अंश हलली तरी पाच होतो. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगितलंय.

रात्री त्या खुणांसाठी जाग येते, शमे. कुणी स्टूल हलवेल, वारा सुटेल. दिवाळीच्या माळाही अजून गॅलऱ्यांत आहेत, त्या तुळशीच्या लग्नानंतर उतरतील, तोवर खरा आवाज किती ते कळणार नाही.

पाठीमुळे यंदा स्पर्धेच्या क्लासिक गटात भाग घेतेय. ४८ पैकी २४ तासच, एक रेडिओ, कुणाची मदत नाही. मधली सुट्टी किमान एक तासाची हवी, तरच ती सुट्टी धरतात. बाकीच्या स्टेशनांच्या याद्या स्क्रीनवर घेऊन बसायचं की नाही हे आपलं जुनं भांडण त्यामुळे मिटलं, नियमानेच मिटवलं. पहाटे साडेपाच ते साडेसात चाळीसवर, सूर्योदयाच्या आसपास अमेरिकेचा पूर्व किनारा तिथेच मिळतो. सकाळी जपान खूप येतात, पण जपान आपल्याच खंडात, एकच गुण, युरोपला तीन. म्हणून अकरा ते एक झोप, आणि दुपारी एक ते सहा दहा-पंधरा मीटरवर युरोप. तिथे २५० हर्ट्झचा फिल्टर लावून आरएफ गेन उतरवायचा, नाहीतर एक दांडगा स्टेशनवाला एजीसी, म्हणजे आवाज आपोआप सांभाळणारं सर्किट, दाबून ठेवतो आणि मागचे बारीक आवाज मरतात. सगळे हाका मारणारे एकाच सुरावर आले की आरआयटी, म्हणजे फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी, पन्नास हर्ट्झ सरकव, थोडे सुटे होतात.

बॅटरी १०० अँपिअर-अवरची आहे. ऐकताना एक अँपिअर, की दाबली की वीस. पण पाठवणं अर्धा वेळ, आणि पाठवतानाही की अर्धाच वेळ दाबलेली, म्हणजे सरासरी साडेपाचच्या आसपास. अठराएक तास निघतील. चार्जर फक्त झोपेच्या वेळी लावायचा, त्याचीही खरखर असतेच.

तुझं कसं चाललंय? गुडघ्याला फिजिओ चालू आहे ना? धाकटीचं पुण्यातलं कॉलेज लागलं ते कळलं, फार बरं वाटलं. सविस्तर विचारेन, खरंच.

आता काम. सरांची तारखात्यातली पितळी की तुझ्याकडे आहे. तारखातं बंद झालं, जुलै २०१३, त्या रात्री सर जेवले नव्हते, तू आणि मी तिथेच बसलो होतो. ती कपाटातून काढ. कॉन्टॅक्टवर कोरा कागद दाबून ओढ, पॉलिशपेपर लावू नकोस. भारतातल्या भारतात बोललं तर गुण शून्य, पण मला प्रत्येक बँडवर झोन २२ आणि व्हीयू असे दोन मल्टिप्लायर, म्हणजे एकूण गुण ज्यांनी गुणतात ते, मिळतात. साताऱ्याहून ठाणे वीस, पंधरा, दहावर लागणार नाही, आपण एकमेकींच्या उडीच्या आत पडतो. चाळीस आणि ऐंशीवर लागेल. चाळीससाठी विहिरीपासून आंब्यापर्यंत डायपोल टाक, प्रत्येक बाजू १० मीटर १८ सेंटिमीटर, उंची चार-पाच मीटर पुरे. खालची तार वर सरळ आभाळात फेकते आणि आपल्याला तेच हवंय. ऐंशीसाठी प्रत्येक बाजू वीस मीटर २८, वाकडी गेली तरी चालेल.

स्पर्धा चालू असताना फोन करून कुणाला बोलावणं नियमात बसत नाही, म्हणून हे आत्ताच लिहिते. शनिवारी सकाळी पावणेअकरा, ७०२५ किलोहर्ट्झ, तिथे कुणी असेल तर दोन किलोहर्ट्झ वर. रात्री साडेनऊला ३५२५. तू वीस शब्दांच्या वर जाऊ नकोस, त्या कीवर मनगट दुखतं. मी तुझ्या वेगाला उतरेन.

तुझी,
नंदा

ता. क. वॉचमनला खडूच्या खुणा दाखवून ठेवल्यात. तो रोज सकाळी वर जाऊन बघतो आणि खालून हात करतो.