साराचे गुण चार ओळींत लिहायला सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेतल्या अवांतर वाचनाच्या तासाबद्दल लिहिते आहे. यंदा सातवीच्या वर्गाला दर शनिवारी मी फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची १९०५ सालची ‘अ लिटल प्रिन्सेस’ ही कादंबरी वाचून दाखवली. अडेल तिथे मराठीतून सांगत गेले.

सारा क्रू मुंबईहून बोटीने लंडनला निवासी शाळेत शिकायला आली आहे, हे पहिल्याच प्रकरणात कळले आणि वर्ग सरसावून बसला. पुढे वडील जातात, पैसा जातो आणि त्याच शाळेत ती मोलकरीण होते. माळ्यावरची तिची खोली म्हणजे पॅरिसचा बास्तीयचा तुरुंग, पलीकडच्या कोठडीत शाळेतली मोलकरीण बेकी ही कैदी, असे सारा मानून चालते. या खेळाला नेमका शब्द मुलींनीच दिला, आपल्या भातुकलीतला: ‘खोटं-खोटं’.

अशा पुस्तकावर आपण प्रश्न काय काढतो? ‘साराचे चार गुण लिहा.’ मुले ‘दयाळू, धीट’ लिहून मोकळी होतात. बनपावाचा प्रसंग आठवा. उपाशी साराला चिखलात चार पेन्सचे नाणे सापडते. ते तुमचे तर नाही ना, असे ती आधी बेकरीवालीला विचारते. बाई चाराऐवजी सहा पाव देते, आणि दारातल्या भिकारी मुलीला सारा त्यांतले पाच देऊन टाकते. चौथा ठेवताना तिचा हात थरथरतो. “म्हणजे तिला द्यायचा नव्हता का?” एका मुलाने विचारले. तास संपला तरी वर्ग त्यावरच बोलत होता. चार गुणांच्या यादीत तो हात कुठे बसवायचा?

अवघड प्रश्नही आले. शेवटी सारा पुन्हा श्रीमंत होते, मग बेकी तिची सेविकाच का? शेजारच्या घरातला भारतीय रामदास नोकरच का? हे इंग्रजी अमदानीतले पुस्तक आहे, मालक-चाकर ही त्याची चौकट आहे. हे मुलांना स्पष्ट सांगावे, टाळू नये. बेकीवर माझ्या मुली खरोखर चिडल्या नाहीत, बेकीसाठी चिडल्या.

माझे मागणे दोन गोष्टींचे. या तासाला गुण आणि चाचणी नको. आणि शाळांनी संक्षिप्त आवृत्ती न घेता पूर्ण पुस्तक घ्यावे. माझ्या हाती आलेल्या एका संक्षिप्त आवृत्तीत पाच पाव होते, थरथरणारा हात नव्हता. पूर्ण पुस्तकाला आम्हाला सात महिने लागले.

– एक शिक्षिका, सातारा