सदूच्या विणकामात गाठच नसते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बेदुइन, म्हणजे अरबी वाळवंटातल्या भटक्या लोकांच्या, गालिच्यांवरचा लेख बघून आधी खूप आनंद झाला, कारण आपल्याकडे या विषयावर कुणी लिहितच नाही, पण तिसऱ्याच परिच्छेदात "बेदुइन स्त्रिया लाखो गाठी मारून हे मऊ गालिचे तयार करतात" असं वाचलं आणि मग राहवेना. लेखकाने मनापासून लिहिलंय हे दिसतं, पण ते वर्णन इराणी गालिच्याचं आहे. बेदुइन विणकामात गाठ नसतेच आणि मऊ तर ते मुळीच नसतं, हात फिरवला तर टोचतं.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं कुवेतला होते. तिथे म्युझियमजवळ, समुद्राच्या बाजूला सदू हाउस आहे, हे विणकाम टिकावं म्हणून 1979 मध्ये सुरू झालेलं, आणि मुलं शाळेत गेली की मी तिकडे जाऊन बसायचे. सदू म्हणजे ते विणकाम, त्याचा मागही सदू आणि तयार झालेलं कापडही सदूच. एक वयस्कर बाई तिथे विणायला यायच्या, सगळे त्यांना खालती म्हणायचे, खालती म्हणजे आपली मावशी, तर मीही खालतीच म्हणायला लागले. माझं अरबी बाजारापुरतंच होतं पण त्यांचे हात बघायला भाषा लागत नव्हती.

माग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लाकडी सांगाडा येतो, तसं यात काहीच नाही. जमिनीत चार खुंट्या ठोकायच्या, दोन आडव्या काठ्या त्यांना अडकवायच्या आणि या काठीपासून त्या काठीपर्यंत ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ताणून घ्यायचे, झाला माग. मध्ये एक काठी दोन दगडांवर (हल्ली पत्र्याच्या डब्यांवर) उचलून ठेवलेली असते, तिला दोऱ्याच्या फासांनी अर्धे धागे बांधलेले, उरलेले अर्धे मोकळे. मोकळे धागे हाताने एकदा खाली दाबायचे, एकदा वर काढायचे, की दर वेळी नवी फट तयार होते आणि त्या फटीतून आडवा धागा जातो. लोकरीचे धागे केसाळ, ते एकमेकांना चिकटतात, म्हणून प्रत्येक वेळी बोटांनी खाजवून सोडवावे लागतात. मग लाकडी तलवारीसारखी पट्टी आत घालून आडवा धागा ठोकायचा, आणि शेवटी हरणाच्या शिंगाने, त्याला मिद्रा म्हणतात, थोडे थोडे धागे पकडून तो घट्ट ओढून बसवायचा. खालतींचं शिंग वापरून वापरून काचेसारखं गुळगुळीत झालेलं होतं.

विणकाम पुढे सरकलं की विणलेल्या भागावरच बसायचं आणि आपणही पुढे सरकायचं. तळ हलवायची वेळ आली तर खुंट्या उपटायच्या, अर्धवट काम तसंच गुंडाळायचं, उंटावर टाकायचं आणि पुढच्या मुक्कामाला परत ठोकायचं. ज्यांना पाण्याच्या आणि चाऱ्याच्या मागे फिरायचं होतं त्यांच्यासाठी याच्यापेक्षा चांगला माग मला तरी सुचत नाही. रुंदीसुद्धा बाईचे हात पोचतील तेवढीच, म्हणून मोठी वस्तू हवी असेल तर पट्टे विणून ते एकमेकांना शिवतात.

आता डिझाइनचं सांगते, कारण लेखात तिथेच सगळ्यात जास्त गडबड झालीय. या कापडात वरून फक्त ताणा दिसतो, आडवा धागा आत पूर्ण झाकला जातो. म्हणजे पट्टे कुठले, रंग कुठे, हे सगळं ताणा लावतानाच ठरलेलं असतं, आणि तो लावताना कागद नाही, खडू नाही, सगळं डोक्यात. मधल्या पट्ट्याला शजरा म्हणतात, म्हणजे झाड, तिथे काळा आणि पांढरा धागा जोडीने लावलेला असतो आणि प्रत्येक ओळीला प्रत्येक जोडीतला कुठला धागा वर आणायचा ते बाई बोटांनी निवडते, दुसरा मागे सोडून देते. अशा निवडीतून त्रिकोण, कंगवे, कात्र्या, उंटांवर डागायच्या टोळीच्या खुणा असं सगळं उमटतं. दोन्ही कडांना बारीक दातेरी पट्टा असतो तो घोड्याचे दात, ठिपक्यांचा पट्टा तो दाणे. खालती मला एकेक बोट ठेवून दाखवायच्या आणि त्यांची बोटं धागे मोजत नव्हती, ओळखत होती.

याच्यावरून माझीच एक गोष्ट. तिकडच्या बाजारातल्या एका दुकानातून मी 25 दिनारला एक लांब पट्टी घेतली होती, दुकानदार म्हणाला हाताची आहे, बेदुइन बाईने विणलीय. मी ती मोठ्या हौसेने खालतींना दाखवायला नेली. त्यांनी पुढची बाजू बघितलीच नाही, सरळ उलटी केली आणि मागून हात फिरवला. मागची बाजू एकदम साफ होती. मग त्यांनी स्वतःचं काम उलटं करून दाखवलं, शजऱ्याच्या मागे न वापरलेले धागे सैल, लांब लोंबत होते, बोट घातलं तर अडकेल असे. नंतर माझ्या पट्टीची झालर ओढली तर ती वरून शिवलेली निघाली. खऱ्या सदूची झालर म्हणजे ताण्याचीच उरलेली टोकं, पीळ देऊन किंवा वेणी घालून ठेवलेली, ती ओढून कधी निघणार नाही. मला त्या दिवशी पैशांपेक्षा वाईट याचं वाटलं की असल्या मशीनच्या मालावर बेदुइन बाईचं नाव लावून विकतात आणि जी खरी दिवसेंदिवस जमिनीवर बसून विणते तिला म्हणतात तुझं महाग आहे.

आणि लेखात सगळा भर "गालिचा" या शब्दावर आहे, पण या बायका जमिनीवर टाकायला तर विणायच्याच, त्याशिवाय राहतं घरसुद्धा विणायच्या. काळ्या तंबूला अरबीत बैत अल-शार म्हणतात, केसांचं घर. तो बकरीच्या केसांचा असतो, उन्हाळ्यात विणीतून हवा खेळते आणि पाऊस पडला की केस फुगून भोकं बुजतात. तंबूच्या आत पुरुषांचा भाग आणि बायकांचा भाग यांच्यामध्ये एक लांब पडदा असतो आणि सगळ्यात देखणं विणकाम त्याच्यावर, चांगली बाजू पाहुण्यांकडे, म्हणजे कॉफी प्यायला आलेल्या माणसाला बाई न दिसताच तिचा हात कळायचा. 2022 च्या फुटबॉल वर्ल्डकपची पहिली मॅच आपल्यातल्या कितीतरी जणांनी टीव्हीवर बघितली असेल, कतारमधलं ते अल बैत स्टेडियम याच तंबूसारखं बांधलंय, बाहेरून काळे पट्टे आणि आत लाल सदूची नक्षी.

युनेस्कोने 2011 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतलं सदू तातडीने जपायला हवं अशा यादीत घेतलं आणि 2020 मध्ये सौदी अरेबिया आणि कुवेतचं सदू मानवी वारशाच्या यादीत आलं. तेल आल्यावर लोक शहरात गेले, तंबूच उरले नाहीत तर पडदा कशाला लागणार, मुली शिकून नोकरीला लागल्या आणि त्या लागल्या हे चांगलंच झालं, पण त्यामुळे अमिरातीत ही विद्या बहुतेक म्हाताऱ्या बायकांच्या हातात राहिली. जॉर्डनमध्ये बनी हमीदा भागातल्या बायकांसाठी 1985 मध्ये विणकामाचा प्रकल्प सुरू झाला, तिथे जमिनीवरच्या मागावर विणून बायकांच्या स्वतःच्या हातात पैसा आला. मला हा मार्ग जास्त पटतो. काचेच्या पेटीत ठेवून कापड टिकतं, पण धागा निवडणारी बोटं पुढच्या मुलीला शिकवावी लागतात आणि त्याचे तिला पैसे मिळावे लागतात.

म्हणून माझी विनंती एवढीच, पुढच्या रविवारी एक छोटी दुरुस्ती द्या की बेदुइन सदू हे गाठींचं काम नाही, ताण्यात नक्षी उमटवायचं सपाट विणकाम आहे. आणि लेखासोबतचा फोटोही गाठींच्या गालिच्याचाच आहे, त्याच्याजागी सदूचा छापा, आणि जमलं तर दोन छापा, एक पुढून आणि एक मागून. माझ्याकडे खालतींनी दिलेला वीतभर तुकडा आहे, फोटो हवे असतील तर त्याचे काढून पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक