पेंटबॉलच्या गनचा वेग रोज मोजा

महोदय,

सुट्टीच्या दिवशी मुळशी, लोणावळ्याकडे पेंटबॉल, म्हणजे गनने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारण्याचा खेळ, खेळायला हिंजवडीच्या कंपन्यांचे गट आणि कॉलेजची मुले जातात. मास्कचा आग्रह धरला जातो तसाच तो गोळीच्या वेगाचाही धरायला हवा. हा वेग बिघडवतो तो बहुतेक वेळा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करणारा भाग.

३ ग्रॅमची गोळी सेकंदाला २८० फुटांऐवजी ३५० फुटांनी सुटली, तर तिची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते.

सिलिंडरमधली ३००० किंवा ४५०० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाबाची हवा रेग्युलेटर साधारण ८०० वर आणतो. आत स्प्रिंग किंवा वाटीसारखे वायसर, पिस्टन आणि हवेची वाट बंद करणारी एक छोटी सीट. सगळी मदार त्या सीटवर. जुनी सीट उजेडात धरली की तिच्यावर बारीक गोल खाच दिसते. त्या खाचेत धुळीचा कण बसला तरी हवा झिरपत राहते आणि गनमधला दाब चढत जातो. मग अर्धा मिनिट थांबून मारलेली पहिली गोळी जोरात जाते, पुढच्या नीट. दबा धरून बसलेला खेळाडू अगदी जवळून मारतो ती नेमकी हीच गोळी!

भराभर मारताना वेग पडत गेला, तर दुखणे वेगळे: फिल्टर तुंबलेला, ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) कोरडी किंवा सिलिंडरच संपत आलेला. पावसाळ्यात मात्र आधी गोळ्या तपासा. जिलेटिनचे कवच दमट हवेत फुगते आणि रेग्युलेटरवर नाहक आळ येतो.

हवेऐवजी कार्बन डायॉक्साइड भरलेल्या सिलिंडरबाबत तर जास्तच जपायला हवे. त्याचा दाब १० अंशांना सुमारे ६५० पीएसआय, ३० अंशांना १०४५. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या सिलिंडरमध्ये तो आणखी चढतो. सकाळी लावलेली गन दुपारी पुन्हा मोजल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नये.

मोजायचे कसे? गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोर दहा-दहा सेकंदांनी दहा गोळ्या मारा. त्यांच्यात १० फुटांहून जास्त फरक नको. मग अर्धा मिनिट थांबून अकरावी. ती २० फुटांनी जास्त आली, तर सीट बदला. गनवरच्या रेग्युलेटरचा दाब उतरवताना स्क्रू फिरवला की गोळ्या न भरता दोन-चार बार काढा, नाहीतर पुढे कोंडलेला जुना दाब तसाच राहतो आणि आकडा फसवतो. खोलण्याआधी सिलिंडर काढून उरलेली हवा सोडा. हवा भरण्याच्या तोंडाला तेल लावू नका. जास्त दाबाने हवा भरताना ते पेट घेऊ शकते.

मैदानचालकांनी प्रत्येक गनला क्रमांक देऊन सकाळ-दुपारचे आकडे वहीत लिहावेत. खेळायला येणाऱ्या गटांनीही मास्क बांधण्याआधी ती वही मागून पाहावी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे