गरुडाला आळशी का म्हणावे?

रविवारच्या पुरवणीतील शिकारी पक्ष्यांवरचा लेख माहितीपूर्ण होता. मात्र ऑस्प्रेच्या (मासे पकडून खाणारा एक शिकारी पक्षी) तोंडचा घास पळवणारा बाल्ड ईगल (अमेरिकेतील पांढऱ्या डोक्याचा गरुड) ‘आळशी’ आहे, हा शेरा पटला नाही. अमेरिकेचे मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनीही १७८४ मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात त्याला असेच हिणवले होते, तेव्हा ही बदनामी जुनीच.

प्रत्यक्षात ही लूट कष्टाची असते. ऑस्प्रे मासा दोन्ही पायांत, डोके पुढे करून धरतो. ओझ्यामुळे त्याचा वेग मंदावतो. ईगल त्याचा पिच्छा पुरवतो. ऑस्प्रेने घायकुतीला येऊन मासा सोडलाच, तर तो खाली पडण्याआधी हवेत झेलायचा! अनेकदा पाठलाग फुकट जातो आणि खर्ची पडलेली ताकद भरून निघत नाही. स्वतः शिकार करायची की दुसऱ्याची हिसकावायची, हे भूक, ऋतू आणि भक्ष्याची उपलब्धता यांवर ठरते. एरवी हाच पक्षी स्वतः मासे पकडतो. घारीही अशीच हिसकाहिसकी करतात. पण त्या अमेरिकेच्या राष्ट्रचिन्हावर नसल्याने त्यांच्या चारित्र्याची कोणी चिकित्सा करीत नाही.

– एक पक्षीनिरीक्षक वाचक